लुडबुड

(कसारा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

जमलेल्या आजी-आजोबांनो, आयांनो, बापांनो, अंगणवाडीच्या ताईंनो, आणि पुढच्या सतरंजीवर एकमेकांना कोपरं मारत बसलेल्या पोरांनो,

ज्या गुरुजींच्या आठवणीसाठी आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांच्या हाताखाली मी नोकरीला लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं. म्हणाले, "बाई, चार दिवस शिकवू नका. पाड्यावर जाऊन बसा. सकाळच्या वेळी घरातली माणसं लहान पोरांशी काय काय बोलतात ते वहीत उतरवून आणा." मी चार सकाळी चार वेगवेगळ्या ओट्यांवर बसले आणि ऐकलं ते लिहीत गेले. "हो बाजूला." "हात लावू नको, सांडशील." "तुला नाही जमायचं." "जा, बाहेर खेळ." आणि सगळ्यांत जास्त वेळा, "लुडबुड करू नको." गुरुजींनी वही शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "बघा, चार दिवसांत किती वेळा शाळा भरत होती, आणि किती वेळा आपण ती सोडून दिली."

ती वही माझ्याकडे अजून आहे. आज मी जे बोलणार आहे ते त्या वहीतूनच निघालेलं आहे. तीन ते आठ वर्षांचं मूल मोठ्यांच्या कामात येऊन जी लुडबुड करतं, तो त्याचा अभ्यास असतो. आपण त्याला बाजूला करतो, काम उरकतो, आणि संध्याकाळी त्याच मुलासमोर पाटी ठेवून म्हणतो, "चल, आता अभ्यासाला बस."

अलीकडे शहरात गृहशिक्षण हा शब्द ऐकू येतो. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं, असा त्याचा अर्थ. काही कुटुंबं ते विचार करून, स्वतःचा वेळ आणि नोकरी बाजूला ठेवून करतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मी शाळेची बाई आहे. शाळा सोडा, असं सांगायला मी आलेले नाही. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा कायदेशीर हक्क आहे, आणि आपल्या पाड्यांसाठी तो हक्क फार मोलाचा आहे. माझं म्हणणं उरलेल्या वेळाबद्दल आहे. सहा वर्षांच्या आधीची वर्षं बहुतेक घरातच जातात. त्यानंतरही शाळा दिवसाचे पाच-सहा तास घेते, बाकी दिवस घराचा. आणि आपल्या भागात तर कित्येक मुलांचं अर्धं वर्षच शाळेबाहेर जातं. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मुलं बरोबरच जातात. त्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच भोंगा शाळा सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरचं तात्पुरतं खोपटं. शाळा मुलांच्या मागे चालत गेली, ही मोठी गोष्ट झाली. पण खोपट्यात संध्याकाळी आई भाकरी थापते तेव्हा तिच्याजवळ बसलेलं मूल काय करतं, हा प्रश्न कुठल्याही शाळेच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो आपला, घरचा आहे.

करोनाच्या काळात हा प्रश्न सगळ्यांच्याच दारात आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. कसाऱ्याची लोकल थांबली. ज्या गावाला आठवत नाही तेव्हापासून गाडीच्या आवाजाची सवय आहे, ते गाव गप्प झालं. पहिली ते चौथीचे वर्ग आपल्याकडे पुन्हा उघडायचे ठरले ते १ डिसेंबर २०२१ पासून. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गातल्या सतरंजीवर पहिल्यांदा बसलं तेव्हा ते दुसरीत होतं. मोबाईलवर अभ्यास येत होता, पण पाड्यावर मोबाईल एक आणि पोरं चार, आणि रेंज टेकाडावर. त्या दीड वर्षात मी घरोघर फिरले. शाळा उघडल्यावर जी मुलं सहज रुळली त्यांच्या घरात पुस्तकं होती असं काही नव्हतं. त्यांना कुणीतरी कामात घेतलं होतं आणि काम करता करता कुणीतरी त्यांच्याशी बोललं होतं. हे माझं निरीक्षण आहे, कुठलं सर्वेक्षण नाही. पण माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

घरी शिकणं आपल्याला नवीन नाही. त्यातली दोन उदाहरणं मला नेहमी एकत्र आठवतात. पहिलं पंडिता रमाबाईंचं. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे जंगलात आश्रम करून राहत. लहान रमेला संस्कृत शिकवलं ते आईने, लक्ष्मीबाईंनी. दिवसभर घरकाम आणि येणारे-जाणारे, म्हणून ही आई उजाडायच्या आधी मुलीला लाडाच्या शब्दांनी जागं करायची आणि पाखरं बोलायला लागत तेव्हा जवळ बसवून पाठ द्यायची. हातात पुस्तक नसायचं. आईच्या तोंडून येईल तेवढंच. दुसरं उदाहरण आपल्याच लोहमार्गावरचं, कल्याणचं. आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये जन्मल्या. गोपाळराव पोस्टात होते, त्यांनी लग्नानंतर या मुलीला घरी शिकवलं आणि पुढे ती डॉक्टर झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या शिकवण्यात मार होता. गोपाळरावांच्या मारहाणीची आठवण आनंदीबाईंनी पुढे त्यांनाच पत्रातून करून दिली होती. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाईंना वैद्यकीची पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. घरी शिकलेल्या दोन मराठी मुली समुद्रापलीकडे एका सभागृहात. एकीला आईने पहाटे कुशीत घेऊन शिकवलं, दुसरीला धाकात. दोघी शिकल्या, म्हणून दोन्ही रीती सारख्या, असं मी कधीही म्हणणार नाही. ज्यांच्या घरात अभ्यासाच्या नावाखाली पट्टी उगारली जाते त्यांनी आनंदीबाईंचं नाव घेताना त्या लहान मुलीचं दुखणं आठवावं.

आता बालवाडी अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडकांकडे येते. त्यांनी बालशिक्षणात काम करणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलं होतं. माँटेसोरी पद्धत त्यांना पक्की ठाऊक होती. पण माँटेसोरीचं साहित्य महाग, लाकडी ठोकळे, मण्यांच्या माळा, रंगीत पट्ट्या. ते खेड्यात आणायचं कुठून? १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तो भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. या सगळ्या कामात ताराबाईंनी मण्यांच्या जागी बिया घेतल्या, ठोकळ्यांच्या जागी दगड-गोटे, शिंपले, पानं, माती. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणातली म्हणून ती अंगणवाडी. जी मुलं गुरं घेऊन रानात जात, त्यांच्यासाठी शिक्षिका कुरणात गेली, ती कुरणशाळा. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि त्यांचा अंगणवाडी हा मराठी शब्द देशभर गेला. आज केरळातली आईसुद्धा तो शब्द वापरते.

पण शब्द गेला तसा अर्थ गेला का, याचा विचार अंगणवाडीच्या ताईंनी माझ्याबरोबर करावा. ताराबाईंच्या शब्दात अंगण आधी आहे. अंगण म्हणजे जिथे धान्य वाळतं, पत्रावळी लागतात, कोंबड्या हाकलल्या जातात, म्हातारी सूप घेऊन बसते. मुलाला तिथून उठवून चार भिंतींत आणलं आणि भिंतीवर सफरचंदाचं चित्र लावलं, तर अंगण कुठे राहिलं? कसाऱ्याच्या मुलाला करवंद दाखवा. ते त्याने तोडलंय, हाताला चीक लागलाय, जीभ जांभळी झालीय. त्याला त्याबद्दल बोलायला शंभर वाक्यं आहेत.

म्हणून रोज काय करायचं ते आता सांगते. यातलं काहीच विकत आणायचं नाही.

तांदूळ निवडायला बसलात की शेजारी मुलाला बसवा. त्याच्यासमोर छोटी ताटली, तिच्यात मूठभर तांदूळ, त्यात चार-पाच खडे. खडा अंगठा आणि दोन बोटांत धरून उचलायचा. हीच पकड पुढे पेन्सिलीला लागते. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन आपण त्याची बोटं दाबतो, ते रडतं, आणि आपल्याला वाटतं अभ्यासाचा कंटाळा आहे. बोटं तयार नसतात, एवढंच असतं. सहा महिने त्याला निवडू द्या, वालाच्या शेंगा सोलू द्या, पिठाचा गोळा मळू द्या, पळसाच्या पानाला चोय टोचू द्या. मग त्याच्या हातात कोळसा नाहीतर गेरूचा तुकडा द्या आणि सारवलेलं अंगण दाखवा. ज्या भागात घरोघरीच्या बायका तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर लग्नाचा चौक काढत आल्या, त्या भागात मुलाला रेघ शिकवायला वेगळी वही लागत नाही.

नाचणी, वरई, तूर, उडीद एकत्र करून द्या आणि वेगळं करायला सांगा. मूल रंगावरून करेल. दुसऱ्या दिवशी विचारा, आणखी कशावरून करता येईल? ते आकारावरून करेल. एक मुलगी मला म्हणाली, "बाई, आवाजावरून." तिने तूर आणि वरई वेगवेगळ्या डब्यांत घालून वाजवून दाखवली. मी तीस वर्षं शिकवत होते, मला हे सुचलं नव्हतं.

भाकरीच्या वेळी विचारा, जेवायला किती जण, कुणाला किती भाकऱ्या? आजोबांना दोन, बाबांना तीन, आईला दोन, मला एक. ताटं मांडायचं काम त्याचं. एका माणसाला एक ताट, ही जोडी हाताने लावता लावता आकड्याला अर्थ येतो. एक ते शंभर तोंडपाठ म्हणणारं मूल मी पाहिलंय, ज्याला पाच ताटं आण म्हटलं तर सात आणायचं. पाठांतर वाईट नाही, पण ते ताटाला जोडलेलं पाहिजे.

यातली मला सगळ्यांत आवडती गोष्ट मोळीची आहे. तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

आपल्या मराठीत वीसच्या पुढचे आकडे मुलाला चकवतात. चौतीस म्हणताना तोंडात आधी चार येतो, मग तीस. लिहिताना मात्र आधी तीनचा आकडा काढायचा. म्हणून कितीतरी मुलं चौतीस ऐकून ४३ लिहितात. जून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशीही पद्धत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची त्यामागची कळकळ लहान मुलांची अडचण कमी करण्याची होती. मला दोन्ही बाजू कळतात. जुने शब्द आपल्या बाजारात, घरात, देण्याघेण्यात आहेत, ते मुलाला यायलाच हवेत. पण ते समजूनही यायला हवेत. ती समज मोळी देते.

आई रानातून लाकडाची मोळी आणते. तिच्यामागे पोर काटक्या वेचतं. त्याला त्याच्या बोटाएवढ्या काटक्या गोळा करू द्या आणि दहा झाल्या की वाखाने बांधू द्या. ही झाली त्याची मोळी. मोळी नऊचीही नाही आणि अकराचीही नाही, नेम दहाचा. आता विचारा, "किती झाल्या?" तीन मोळ्या आणि चार सुट्या. तीन मोळ्या म्हणजे तीस, वर चार, चौतीस. कोळशाने लिहायचं तर मोळ्या डावीकडे, सुट्या उजवीकडे, ३ आणि ४. महिनाभर हा खेळ केलेलं मूल ४३ आणि ३४ यांत गोंधळत नाही, कारण चार मोळ्या उचलायला आणि तीन मोळ्या उचलायला वेगळं वजन लागतं.

आणि एकोणचाळीस? हा शब्द मुलांना सगळ्यांत जड जातो, चाळीस ऐकू येतं आणि हातात तर तीनच मोळ्या. एकदा मी एका पोराला विचारलं, "इथे चाळीस कुठे आहेत रे?" तो सुट्या नऊ काटक्यांकडे बघत म्हणाला, "एक कमी पडली ना बाई, नाहीतर चौथी बांधली असती." आपल्या पूर्वजांनी तो शब्द केला तेव्हा त्यांच्या मनात हेच होतं. चाळीसाला एक उणी. त्या मुलाने शब्द फोडला नव्हता, व्याकरण शिकला नव्हता. त्याच्या हातात काटक्या होत्या.

वैशाखात आपल्या बायका करवंदं, जांभळं घेऊन स्टेशनावर आणि घाटातल्या रस्त्यावर बसतात. निघायच्या आधी घरी वाटे लावतात. वाटा या आपल्या शब्दात भागाकार आहे. चार वर्षांच्या मुलाला सांगा, "सगळे वाटे सारखे आहेत का बघ." ते एका वाट्यातलं उचलेल, दुसऱ्यात टाकेल, पुन्हा बघेल. पाचवीत त्याला भागाकार शिकवताना बाईंनी याचीच आठवण करून द्यावी. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या काही मुलांना तिथल्या अभ्यासकांनी गणितं विचारली होती. १९८५ मध्ये तो अभ्यास छापून आला. ठेल्यावर विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के बरोबर आले, आणि त्याच प्रकारचे हिशेब नुसत्या आकड्यांत मांडून सोडवायला दिले तेव्हा ३७ टक्के. मुलं तीच. मला ही बातमी कळली तेव्हा आपल्या स्टेशनवरची पोरं डोळ्यांसमोर आली, आणि गणितात कच्ची म्हणून मी शेरा मारलेली काही नावंही. तो शेरा माझ्या हातचा होता. आज त्यातला एक मुलगा भाजीचा टेम्पो चालवतो आणि माझ्या आधी हिशेब सांगतो.

कसाऱ्यात तर देवाने गाडीच दिलीय. रेल्वे १८६१ मध्ये इथपर्यंत आली आणि पुढचा घाट चढून इगतपुरीला पोचायला तिला आणखी चार वर्षं लागली. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तो चढ. म्हणून इथे गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात. ओट्यावर बसून, रुळांपासून लांब, मुलाबरोबर गाडी मोजा. लोकलचे डबे बारा. मालगाडीचे किती? पुढे इंजिनं किती, मागे किती? मागून का लावतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पटकन देऊ नका. त्याला एक डबा दोरीने ओढत चढावर नेऊ द्या, मग मागून ढकलू द्या. तीन दिवसांनी ते स्वतः येऊन सांगेल.

पाण्याचं एक सांगते. तानसा, भातसा, वैतरणा, मुंबईच्या नळाचं पाणी आपल्या डोंगरांतून जातं आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. अशा गावात मुलाला पाण्याशी खेळ म्हणणं मला जमत नाही. पण भरलेला हंडा घरी आला की कळशीत किती तांबे मावतात हे त्याला ओतून बघू द्या, खाली परात ठेवून. आधी अंदाज करायला सांगा, मग मोजायला. परातीतलं पाणी अळवाला. फार टंचाई असेल तेव्हा हाच खेळ भाताने खेळा. आणि पाऊस लागला की सरळ कडांचा डबा अंगणात उघड्यावर ठेवून रोज सकाळी काटकी बुडवून ओलं किती झालं ते भिंतीवर रेघ मारून ठेवा. आषाढातल्या रेघा आणि भाद्रपदातल्या रेघा शेजारी शेजारी बघून मूल जे बोलेल ते ऐकण्यासारखं असतं.

आता बोलण्याबद्दल. हे सगळं करताना मुलाशी आपल्या घरच्या बोलीत बोला. ठाकरी असेल तर ठाकरी, कातकरी असेल तर कातकरी, आगरी असेल तर आगरी. मला आया सांगतात, "बाई, आमची भाषा अशुद्ध, तुम्हीच शिकवा." माझं हात जोडून सांगणं आहे, असं म्हणू नका. रानातल्या भाज्यांची जेवढी नावं तुमच्या सासूबाईंना येतात तेवढी माझ्या पुस्तकात नव्हती. शेवळं केव्हा उगवतात, करटोली कुठे मिळते, कोणतं पान चोळलं की वास येतो, हे तिच्या भाषेत तिच्याकडून ऐकलेल्या मुलाला शाळेची मराठी शिकायला वेळ लागत नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सुरुवातीची वर्षं घरच्या भाषेतून असावीत असंच म्हणतं. सरकार म्हणतं म्हणून नव्हे, आपल्या तोंडची भाषा आहे म्हणून बोला.

बार्बरा रोगॉफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी ग्वाटेमालातल्या माया लोकांच्या गावात वर्षानुवर्षं जाऊन मुलं कशी शिकतात ते पाहिलं. तिथे लहान मुलांना मोठ्यांच्या कामातून बाजूला काढत नाहीत. मुलं जवळ राहतात, टक लावून बघतात, हात घालतात, आणि त्यांचा तो हात कुणी झिडकारत नाही. हे वाचताना मला माझी वही आठवली. माया बायकांनी त्या वागण्याला जे काही नाव दिलं असेल, आपल्याकडे ती लुडबुडच.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात, नाहीतर माझ्या बोलण्याचा विपरीत अर्थ होईल. चूल, विळी, विहिरीचा काठ, रूळ, इथे मुलाला हात घालू द्यायचा नाही, त्यावर वाद नाही. आणि दुसरी जास्त महत्त्वाची. लुडबुड आणि राबणं वेगळं. भट्टीवर विटा उलटणारं आठ वर्षांचं मूल काही शिकत नसतं, ते राबवलं जात असतं. धाकट्या भावाला दिवसभर कडेवर घेऊन शाळा बुडवणारी मुलगीसुद्धा. फरक ओळखायची माझी खूण सोपी आहे. कामातून मुलाला मनात येईल तेव्हा उठून जाता येतं का? मूल दहा मिनिटं तांदूळ निवडून कोंबडीमागे पळालं आणि कुणी रागावलं नाही, तर ती लुडबुड. ज्या कामातून उठता येत नाही, ते राबणं, मग ते घरातलं का असेना.

आयांची अडचण मला ठाऊक आहे. पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन जायचं, परतल्यावर पाणी, चूल. मुलाच्या हाताने काम दुप्पट वेळ खातं आणि सांडतं ते वेगळंच. म्हणून सगळ्या कामात नको. दिवसातलं एक काम निवडा, पंधरा मिनिटांचं, आणि ते रोज मुलाबरोबर करा. सांडलं तर पुसायचं फडकं त्याच्याच हातात द्या. आणि बापांनो, हे सगळं आयांसाठी बोलतेय असं समजू नका. आवण काढताना मुठी बांधता, बांध घालता, सायकलची चेन चढवता, तेव्हा तुमच्याशेजारी पोर येऊन बसतं. त्याच्या हातात पाना द्या. नाव सांगा. थोडं थांबा.

ज्यांना वाटतं की आपण शिकलेलो नाही, आपण काय शिकवणार, त्यांना मी मुरबाडला पाठवते. फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या, गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर. आयुष्यभर अंगठा उठवलेल्या बायका सही करायला शिकल्या. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, जगभर गेले. मला त्या फोटोंपेक्षा घरातलं दृश्य जास्त मोलाचं वाटतं. अशा घरात नातवंडं आजीचा अभ्यास घेतात. दुसरीतलं पोर आजीला अक्षर दाखवतं, कारण आजीने त्याला आधी नाचणी निवडायला शिकवलेलं असतं. ज्याला दुसऱ्याला शिकवता येतं त्याला ते आलेलं असतं, ही परीक्षा त्या घरात रोज होते आणि निकाल कुणी लावत नाही.

माझं बोलणं झालं. आता जाताना थोडं थांबा. दाराशी टोपलीत पुड्या ठेवल्या आहेत, प्रत्येक पुडीत चार चिंचोके, मधोमध फोडून घासून एक बाजू पांढरी केलेली. अंगणवाडीच्या ताईंनी गेले आठ दिवस बसून केलेत. आजी, तुम्हाला खेळ आठवत असेलच. चारी फेकायचे आणि पांढरे किती पडले ते बघायचं. एक पांढरा, एक घर. दोन, दोन घरं. चारी पांढरे तर चम्मा, चार. चारी काळे तर अष्टा, आठ. पट कोळशाने अंगणात काढा, पाच घरं आडवी, पाच उभी, मधल्या घरात सगळ्यांनी पोचायचं. पहिल्या दिवशी पोर बोटाने मोजेल. काही दिवसांनी न मोजता, नुसतं बघून सांगेल किती पडले. ज्या दिवशी तसं सांगेल त्या दिवशी मला निरोप पाठवा. आणि रात्री खेळताना ते मध्येच उठून तुमची सोंगटी हलवायला लागलं, तर त्याला विचारा, "का रे, इथेच का?"